शेवटची वीस मिनिटं

"अहो, उठा. माझं डोकं धरलंय," राधाबाई पडद्याकडे न बघता म्हणाल्या.

"वीसच मिनिटं राहिलीत," श्रीधरपंत पुटपुटले. पण लगेच उठले.

पडद्यावरचा जवान तेव्हा पुलावर एकटाच लढत होता. पुढे काय होणार ते राधाबाईंना ठाऊक होतं. ज्या तमिळ सिनेमावरून हा हिंदी काढला, तो त्यांनी शेजारच्या ऋतुजाच्या मोबाइलवर गुपचूप पाहिला होता. भाषा कळली नाही, पण शेवटी अंगणात आलेली तिरंग्यातली पेटी कळली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

श्रीधरपंतांच्या हृदयात दोन स्टेंट. त्यात मुलगा अभिनव सीमेवर, आणि अठरा दिवस त्याचा फोन नाही. जाताना तो म्हणाला होता, "बाबा, हा सिनेमा लागला की आईला घेऊन जा." तेव्हापासून श्रीधरपंत तारीख धरून बसले होते. नको म्हणावं तर कारण द्यावं लागलं असतं. आणि पुण्यातल्या पेन्शनरला कारण पटवण्यापेक्षा आपलं डोकं दुखवून घेणं सोपं.

तसे ते आज शांत होते. मध्यंतराआधी स्फोट झाला तेव्हा सगळं थिएटर दचकलं. श्रीधरपंतांनी मात्र आधीच राधाबाईंचा हात धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने लाह्या खाणं चालू होतं. कालही बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले ते तीन तासांनी परतले, तरी चेहरा हसरा. डॉक्टरांची नवी गोळी लागू पडली म्हणायची, असं राधाबाईंना वाटलं.

रिक्षा कर्वेनगरकडे निघाली.

"शेवट काय असेल गं?" श्रीधरपंतांनी विचारलं.

राधाबाईंनी उत्तर घरूनच तयार करून आणलं होतं. "ऋतुजा सांगत होती. तो घरी येतो. भर दुपारी. बेल वाजते, आई दार उघडते, तर हा समोर. म्हणतो, 'आई, भूक लागलीय.'"

बोलता बोलता त्यांनी पदराने डोळे टिपले. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. ते खोटं आहे, याचंच वाटत होतं.

श्रीधरपंतांनी खिशातून रुमाल काढून राधाबाईंना दिला. रुमालाबरोबर एक तिकीट त्यांच्या मांडीवर पडलं. याच सिनेमाचं, कालच्या दुपारच्या खेळाचं.

"बँकेत दहाच मिनिटं लागली," श्रीधरपंत म्हणाले. "तमिळमध्ये त्याला मारलाय असं ऐकलं होतं. म्हटलं, तुला झेपेल का, ते आधी आपण बघून यावं."

राधाबाईंनी तिकीट उचलून तारीख पुन्हा वाचली.

"हिंदीत नाही मारला गं. तू सांगतेस तसाच येतो. फक्त भूक नाही म्हणत, आधी पाणी मागतो."