मधली खुर्ची

"काका, दोन्ही स्पीकरची जुनी झालेली पॅनेलं बदलली, तरी एकाच बाजूनं ऐकू येतंय म्हणता?" मेकॅनिक वैतागला. "मध्ये बसा की!"

भास्करराव कडेच्या खुर्चीतून हलेनात. त्या दाराएवढ्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांचा खरा सूर मधोमध बसलेल्या एकालाच मिळायचा, आणि ती जागा कुमुदची होती. कीर्तन लागलं की ती म्हणायची, "अहो, बुवा अगदी समोर उभे आहेत!"

"मग दक्षिणा देऊन ये," ते चिडवायचे.

ती गेल्यापासून तिथे कुणीच बसलं नव्हतं.

शेवटी मेकॅनिकनंच हात धरून त्यांना मध्ये बसवलं. कीर्तन सुरू झालं आणि बुवा खरोखरच समोर उभे राहिले, चिपळ्यांसकट, श्वासासकट.

"खरं गं तुझं!" म्हणत ते शेजारी वळले. तिथे त्यांचीच खुर्ची रिकामी होती.