उम्म शाहीनचा ठोसा

“ह्या मेल्याची रोटी आज भट्टीत जाणार नाही,” उम्म शाहीन म्हणाली, आणि काठी टेकत थेट भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

नखले झातर, म्हणजे रानओवा-तिळाचा मसाला, आणि तेल कालवलेली आपली वाटी घेऊन रांगेत होता. अश्रफिये मोहल्ल्याच्या चढावरच्या त्या भट्टीवर सकाळी घराघरांतून अशा वाट्या येत; कणीक भट्टीवाल्या जिर्जीची, वरचं लेपण ज्याचं त्याचं. नखले आत आला की बाकीच्यांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागे, एवढं त्याचं अंग.

अठरा वर्षं त्याने तिकिटाच्या कुस्त्या केल्या होत्या. दोन फासळ्या, एक खांदा आणि पुढचे दात त्या दोरांच्या चौकटीत ठेवून आला होता. पण गल्लीच्या लेखी ती सगळी नुरा कुस्ती. “काय पैलवान, काल पडायची पाळी कुणाची होती?” हे जिर्जीचं ठरलेलं. निखळलेला खांदा गळ्यात बांधून आला त्या दिवशीही जिर्जी म्हणाला होता, “पट्टी बाकी झकास बांधलीय. खरी वाटते.”

काल तो पहिल्यांदा टीव्हीच्या मालिकेत दिसला. दुष्ट घरमालक. चित्रीकरणात प्रत्येक धक्क्याबरोबर तो सवयीने पाय आपटायचा, कुस्तीत आवाज असाच तर काढतात. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला होता. “बाबा रे, इथे शेवटच्या रांगेला ऐकू जायला नकोय. लोकांना पटलास तर पुढच्या भागात, नाहीतर नमस्कार.” काल ते बघायचा नखलेला धीरच झाला नाही. बायको शेजारी जाऊन बघून आली आणि एक शब्द न बोलता पाठ करून झोपली. तेव्हाच तो समजला, आपला बोऱ्या वाजला.

“आजी, मी काय केलं?” त्याने विचारलं.

“वर तोंड करून विचारतोय! दोन लेकरांची विधवा, बाहेर हिव पडलंय, आणि तू तिची गादी जिन्यावरून खाली भिरकावलीस!”

“माझ्या नवऱ्याने पहिल्यांदाच शिवी दिली घरात,” रांगेतली एक बाई म्हणाली. “तुझ्या नावाने.”



“जाऊ द्या हो आजी,” जिर्जी आतून म्हणाला. “ह्याचं सगळं खोटंच असतं. कुस्ती खोटी, तशी मालिकाही खोटी.”

संपलं, नखलेला वाटलं. आता सगळे हसतील, आणि आयुष्यभर हसत राहतील.

“खोटं?” म्हातारी गर्रकन वळली. “मी ह्या डोळ्यांनी पाहिलं, जिर्जी! ती पोर पाय धरून रडत होती आणि हा तिच्याकडे बघेना. हा कोटाचं बटण लावत होता. बटण!”

ते बटण नखलेला कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपटायचा नाही, ओरडायचं नाही, मग हातांचं करायचं काय, ह्या पंचाइतीत त्याने ते लावलं होतं.

“हां, ते बटण...” जिर्जी सावकाश म्हणाला. “ते बघून माझंही डोकं फिरलं होतं, खोटं कशाला सांगू.” आणि त्याने नखलेसाठी थापलेली रोटी उचलली, चुरगाळून पुन्हा कणकेच्या गोळ्यात कोंबली. “घरी जा पैलवान. आज माझ्याकडे तुझ्यासाठी रोटी नाही.”

आजवर कुणी दिलेल्या कुठल्याही जेवणाने नखलेचं पोट इतकं भरलं नव्हतं. हाडं मोडून जे मिळालं नाही, ते एका बटणाने दिलं होतं. ह्या लोकांचे कसे आभार मानावेत त्याला कळेना. बोलायला जावं तर रडूच फुटलं असतं, आणि रडणारा घरमालक कुणाला पटणार?

तेवढ्यात उम्म शाहीनने काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची मूठ वळली आणि त्याच्या पोटात ठोसा हाणला. अक्रोडाएवढी मूठ. चिमणी येऊन आपटली असती तर जास्त लागलं असतं.

नखलेने वाटी शेजारच्या बाईच्या हातात दिली. मग तो कळवळला, दोन पावलं मागे झोकांडला, हवेत हात फिरवले आणि उताणा पडला. हनुवटी छातीला, पाठ टेकायच्या आत दोन्ही तळहात जमिनीवर. असा आवाज झाला की वरच्या फळीवरच्या परातीही खणखणल्या. पिठाचा ढग उठला. भर रिंगणात, हजार माणसांसमोर तो इतका सुंदर कधी पडला नव्हता.

बायकांनी लग्नघरासारखा, जिभा हलवत ‘लु-लु-लु’ असा गजर केला.

“बघा!” जिर्जी ओरडला. “ह्याला म्हणतात पडणं! अठरा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस खराखुरा पडला!”

उम्म शाहीन आपल्या मुठीकडे बघत होती. नखलेने पडल्या पडल्या ती मूठ धरली, तिच्यावर ओठ टेकले, मग कपाळाला लावली.

“देव हा हात सलामत ठेवो, आजी.”

“हात नंतर चूम,” म्हातारी म्हणाली. “ऊठ. आधी त्या पोरीची गादी वर नेऊन दे.”

“नेतो, आजी,” नखले म्हणाला.