एका माणसाचं काम

पगारवाढ सगळ्यांची झाली, आणि नेमकी तीच गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना.

वर्षभर घोड्यासारखा राबला होता तो. वाढ मिळाली शेकडा तीन. समोरच्या टेबलावर आबा वर्षभर डुलक्या काढत होते. त्यांनाही शेकडा तीन. त्यात आबांचा मूळ पगार दुप्पट. म्हणजे त्यांच्या झोपेचे तीन टक्के याच्या घामाच्या तीन टक्क्यांहून जाड.

"आबा, हा न्याय झाला का?"

"न्याय कोर्टात मिळतो रे," आबा डोळे न उघडता म्हणाले. "इथे वेतनश्रेणी मिळते."

पाणीपट्टी कार्यालयाच्या नळजोडणी विभागात कारकून तीन. आबा सगळ्यांत जुने, म्हणून खिडकी त्यांची, पंखा त्यांचा आणि उशीची खुर्चीही त्यांचीच. मग ताई. त्या अर्ध्या दिवसात एक अर्ज वाचायच्या आणि उरलेल्या अर्ध्यात त्याबद्दल हळहळायच्या. आणि शेवटी हा, तळाच्या श्रेणीतला, अजून नोकरीत कायमही न झालेला. कचेरीत त्याला 'वादळ' म्हणत. तो आत आला की ताई ओरडायच्या, "कागद दाबा गं बाई, आलं वादळ!" त्याला ते कौतुक वाटे.

तळाच्या श्रेणीतून वरच्या श्रेणीत जायला नियमाने दहा वर्षं लागत. त्यासाठी काही करावं लागत नसे. फक्त मरायचं नाही, एवढीच अट. वादळाला ही अटसुद्धा लाजिरवाणी वाटे. शिवाय त्याच्याकडे दहा वर्षं नव्हती. तो आणि बायको तिच्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होते, आणि हा मेहुणा रोज सकाळी दाढी करता करता विचारायचा, "काय दाजी, श्रेणी बदलली की खोलीच चालू ठेवायची?" बायकोने दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. तळाच्या श्रेणीत ते परवडणारं नव्हतं.

अशात साहेबांनी सांगितलं की विभागाला वरच्या श्रेणीचं एक पद मिळू शकतं. काम बघायला मुख्यालयातून तपासनीस येणार आहेत.

त्या दिवशी आबांनी दोन्ही डोळे एकदम उघडले. ताई घाबरल्याच.

"वादळा, इकडे ये. तपासनीस येऊन जाईपर्यंत हात सावकाश चालव. अर्ज साचू देत. तिघंही गळ्यापर्यंत बुडालोय असं दिसलं पाहिजे."

"म्हणजे तुमचं बिंग फुटू नये म्हणून मीही झोपा काढू?"

"अरे बाळा, सरकारी काम म्हणजे तिघांत एक पांघरूण. एकाने ओढलं की—"

"की तुमचे पाय उघडे पडतात. पडू देत! गावाला दिसू देत!"

"ऐक रे त्यांचं," ताई म्हणाल्या. "मोठ्या माणसाचं कधीतरी ऐकावं."

"मोठं काय आहे त्यांच्यात? पगार आणि घोरणं."

आबांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. वादळाला वाटलं, म्हातारा हरला. ज्याला स्वतः पळता येत नाही तो दुसऱ्याच्या पायात पाय घालतो, हे त्याने पक्कं ओळखलं होतं.

तपासनीस आले. सुकलेले, मितभाषी गृहस्थ. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. वादळाने आधी स्वतःचे अर्ज उडवले. मग ताईंच्या पुढ्यातला गठ्ठा उचलला. ताई "अरे, अरे" करत राहिल्या. जेवणाची सुट्टी त्याने घेतलीच नाही. दुपारी त्याने आबांची कपाटं उघडली आणि त्यात वर्षानुवर्षं वाळत पडलेले अर्जही निकालात काढले. त्यातल्या काही अर्जदारांनी नळाची वाट बघत जग सोडलं होतं. त्यांनाही जोडणी मंजूर झाली.

संध्याकाळी तिन्ही टेबलं लख्ख.

"हे तुम्ही रोज करू शकाल?" तपासनिसांनी विचारलं.

"डाव्या हाताने! खरं सांगू साहेब? हे दोघं म्हणजे फर्निचर आहे. या विभागाला एक माणूस पुरे."

"हे तुमच्या नावाने लिहून घेऊ?"

"बेधडक!"

तपासनीस दिवसभरात पहिल्यांदा हसले. "इतका प्रामाणिक कर्मचारी मी नोकरीत पाहिला नाही," असं म्हणून त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

घरी तो हवेत तरंगतच शिरला. "त्यांचे चेहरे बघायला हवे होतेस!"

"पण त्यांचं आता काय होणार?" बायकोने विचारलं.

"होणार काय? आबांची झोपमोड."

दुसऱ्या दिवशी त्याने घरमालकाला आगाऊ भाडं दिलं आणि मेहुण्याला ऐकू जाईल अशा आवाजात ट्रंक बाहेर ओढली.

महिना सरायच्या आत साहेबांनी तिघांना खोलीत बोलावलं. वादळ नवा शर्ट घालून पुढे उभं राहिलं. ताई पदराशी चाळा करत मागे. आबा भिंतीला टेकलेले.

"मुख्यालयाला पटलंय," साहेब म्हणाले. "विभागाचं सगळं काम एक माणूस करू शकतो. तेव्हा यापुढे पद एकच. तिघांचा भार एकट्यावर येणार, म्हणून श्रेणी वरची. ताई, तुम्ही कायम आहात, तुम्हाला शेजारच्या विभागात सामावून घेतलंय."

वादळाने कॉलर सारखी केली. साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूने पुढे गेले आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला.

"अभिनंदन, आबा. माणसं कमी करायची तर शेवटी आलेला आधी जातो, नियमच आहे तो." मग त्यांनी मान वळवली. "आणि तुम्ही हो, महिनाअखेरीस जाण्याआधी तेवढं आबांना काम शिकवून जा."