मुठीकडची बाजू

"वहिनी, लोक नुसते तुटून पडलेत!" दीर घाम पुसत आत आला. "जर्दाळूच्या आंबट बिअरचं दुसरं पिंपही तळाला लागलं. काय जादू केलीत हो?"

"जादू कसली डोंबलाची! तुम्ही बाहेर बघा, जाऊबाई एकट्याच ग्लास भरताहेत," ती म्हणाली.

नवरा हिवाळ्यात गेला. त्याच्यामागे दिरानं कामाला हात घातला तो सफाईपासून. ढवळायचं जुनं लाकडी वल्हं त्यानं उकळतं पाणी ओतून खसाखसा घासून काढलं. त्या लाकडातच सगळं विरजण होतं, हे बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? मग काय, पिंपामागून पिंप मचूळ निघालं आणि गटारात गेलं. हा उन्हाळा हातचा गेला असता, तर दाराला कुलूपच लागलं असतं.

शेवटी एका सकाळी कुणी नाही बघून तिनं वल्हं उलटं धरलं. मुठीकडची बाजू घासायची राहून गेली होती. नवऱ्याच्या हातांच्या घामानं काळी पडलेली, गुळगुळीत. ती बाजू तिनं जर्दाळू घातलेल्या पिंपात बुडवली आणि रडत रडत ढवळत राहिली.

आंबलं. असं आंबलं, की नुसत्या वासानं तिला तो शेजारी उभा असल्यासारखा वाटला. पुढच्या खेपेला विरजण हवं म्हणून तिनं त्यातली बरणीभर मोरीजवळच्या कट्ट्यावर जपून ठेवली.

आता ती दारात येऊन उभी राहिली. बाहेर ऊन रणरणत होतं, पण ताडपत्रीच्या सावलीतली बाकं गच्च भरली होती. एका बाईनं घोट घेतला आणि आंबटानं डोळे गच्च मिटले. "अगं बाई, काय झणका आहे!" ती हसली. मग तिनं आपल्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि हळूहळू चोळू लागली.

ही त्या बोटांकडे बघतच राहिली. घोट मनासारखा लागला, की हिचा नवरा अस्साच पाळी चोळायचा.

असेल बाई योगायोग, तिनं मनाला समजावलं. पण पलीकडचा पोस्टमनही चोळत होता. म्हातारा शिंपी, त्याची सून, कोपऱ्यातलं ते भांडकुदळ जोडपं, सगळेच. कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. गप्पा चालू, हसणं चालू आणि प्रत्येकाची बोटं डाव्या पाळीवर.

ती मागच्या मागे आत पळाली. तिला फार भीती वाटली. "असं नको रे," ती पुटपुटली. "लोकांच्या अंगात नको." बरणी उचलून तिनं मोरीवर कलती केली. बारीक धार लागली.

मागे दार करकरलं. दीर होता. बिअरवाल्याच्या घरात जन्मून सरबत पिणारा म्हणून सगळे ज्याची टर उडवायचे, त्याच्या हातात रिकामा ग्लास होता.

"भावजी, तुम्ही प्यायलात?"

तो तिच्याकडे बघून हसला. त्याचा हात सावकाश डाव्या कानाकडे गेला.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "सांडतेस कशाला? अर्धा दे की अजून."

मास्तरीणबाई! ही हाक नवऱ्यानं चार भिंतींच्या बाहेर कधी जाऊ दिली नव्हती.

अंगणातून जाऊ ओरडत होती, "अहो, ऐकलंत का? कुठे गेलात? पिंप संपलं!"

त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. जणू ती हाक दुसऱ्याच कुणासाठी होती.

तिनं बरणी सरळ केली. दाराला आतून कडी घातली आणि त्याचा ग्लास काठोकाठ भरला.