नावाच्या चौकटीत

साबणाच्या वडीएवढा तो कॉम्प्युटर आईने हौसेने टीव्हीला जोडला होता, पण नवा कीबोर्ड लावल्यापासून तो तिला आत घेईना. पासवर्ड टाकला की नुसते ठिपके, मग ‘चुकीचा’. “पुरे झाली हौस,” थोरला मुलगा म्हणाला. “घर विकल्यावर माझ्याकडे हा पसारा चालायचा नाही.” दलाल सोफ्यावर चहा फुंकत होता. धाकटा जवळ आला. “पासवर्ड वर, युजरच्या नावाच्या चौकटीत टाइप कर. तिथे अक्षरं दिसतात. कुठली कळ दगा देतेय ते कळेल.” “सगळ्यांसमोर?” आईने विचारलं. “असं काय गं गुपित तुझं?” थोरला हसला. आईने एकेक कळ ठासून दाबली. टीव्हीभर अक्षरं उमटली: ‘घरविकणारनाही’, शेवटी ‘@’च्या जागी भलतंच चिन्ह. दलालाचा कप ओठांशीच थांबला. “सापडली चूक,” आई धाकट्याला म्हणाली. “तेवढं चिन्ह दुरुस्त कर. बाकी सगळं बरोबर आहे.”