गोल

नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीच्या मुलींची फुटबॉल फायनल होती. माझ्या ईशानीने मारलेला बॉल बारला आपटला, रेषेच्या चांगला आत पडला आणि उसळून बाहेर आला. रेफरी आमच्याच मराठी मंडळातल्या टिपणिसांचा नील, इथेच जन्मलेला. मी ओरडले तर मलाच म्हणतो, "काकू, गोल झाली नाही."

आम्ही हरलो. महिनाभर मंडळात दुसरा विषय नव्हता. आमचे हे म्हणत बॉल वीतभर आत होता, माझी मैत्रीण रेखा म्हणे हातभर. नीलची आई मात्र एकच धरून बसली होती, "माझ्या मुलाची नजर चुकत नाही." गोल 'झाला' की 'झाली' हे ज्याला कळत नाही, त्याने माझ्या पोरीचा कप घालवला!

होळीला मंडळात पुरणपोळीची स्पर्धा होती आणि परीक्षक मी. नीलने स्वतः लाटलेली पोळी आणली. कंपासने काढल्यासारखी, पुरण अगदी काठापर्यंत. सगळे वाहवा करत होते. मी चष्मा पुसला, ताट दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले,


"नील, गोल झाली नाही."