एक्क्याण्णव टक्के

बंद खोलीतल्या यंत्रावर एक्क्याण्णवचा आकडा उमटला आणि वैजयंताचं तोंड उतरलं.

नवा धंदा चालेल की बुडेल हे सांगणारं ते यंत्र आता गावोगाव होतं. इतर गावांत वीसच्या आतला आकडा आला की माणूस निमूटपणे धंद्याचा नाद सोडायचा. शेलारखेडात मात्र अशा माणसासाठी सावड व्हायची. पेरणीला एकमेकांच्या रानात राबावं, तसं अख्खं गाव महिनाभर त्याच्या धंद्यात राबायचं. यंत्राने म्हणे मोडीत काढलेले सात कारखाने इथे धडधडत होते.

पण एक्क्याण्णववालीकडे कोण फिरकणार? तिच्या धंद्यात सीताफळाचा गर काढायचा, तर बिया वेगळ्या करायलाच पन्नास माणसं हवीत. ती एकटी कुठे पुरी पडणार?

बाहेर ओट्यावर गोदाक्का सावडीची वही घेऊन बसल्या होत्या. त्यांचा मसाल्याचा कारखाना गावातला पहिला.

"किती आले गं?"

वैजयंताने मागे खोलीचं दार ओढून घेतलं. "अकरा."

गोदाक्कांनी चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं. यंत्र दहा पावलांवर होतं, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी वहीत तिचं नाव लिहिलं.

"उद्या सकाळी सगळे येतील. फळं उतरवून ठेव." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या वेळी मी नऊ सांगितले होते."

"आणि खरे किती होते?"

"त्र्याण्णव." गोदाक्कांनी वही मिटली. "यंत्र हुशार आहे, पोरी. आपली सावड जमेस धरूनच आकडा सांगतं."